गुरुपुष्यावर आलेलं न्हाण

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न मला विचारला होता, उत्तर आत्यानं दिलं. आमच्या घरात हे नवीन नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, माझ्या वाटणीचं बोलायचं काम आत्याच, म्हणजे माझी सासूच, करत आली आहे. पण हा प्रश्न असा होता की त्याचं खरं उत्तर जगात फक्त दोघींना माहीत होतं, मला आणि माझ्या आईला.

"मुलीच्या आईला पहिली पाळी कितव्या वर्षी आली?"

"पंधराव्या," आत्या म्हणाली. "गुरुपुष्य हुतं त्या दिशी. सकाळची येळ. असलं नक्षत्र आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नशिबी आलं न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी नक्षत्र सोडून दिलं आणि फायलीत फक्त पंधराचा आकडा लिहिला. मी तो तसाच लिहू दिला. माझ्या शेजारी माझी दहा वर्षांची मुलगी खुर्चीत पाय हलवत होती. खो-खोच्या सरावाहून तिला तशीच उचलून आणलं होतं, बुटांना मैदानाची लाल माती होती.

"आणि वडिलांकडच्या बायकांना? अज्जी, तुम्हाला?"

"तेरावं." आत्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

आदल्या दिवशी, मंगळवारी, शाळेतून आल्यावर मुलीनं मला बाथरूममधून हाक मारली होती. ती रडली नाही. तिला वाटलं, खो-खोत खांबावर आपटली होती त्याचंच काहीतरी झालंय. मी तिला समजावलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "शनिवारी मॅच आहे, खेळू ना?" मी हो म्हणाले. त्या हो शब्दावरून पुढचे आठ दिवस आमचं घर पेटलेलं होतं.

डॉक्टरीणबाई कन्नड घरातल्या, मराठी जपून बोलायच्या. त्या म्हणाल्या, दहा म्हणजे लवकरच, पण एवढ्यानं आजार आहे असं होत नाही. आजकाल अशा मुली पुष्कळ येतात. पोटात नीट जातं, वजन लवकर भरतं, त्यानं वय खाली येतं. काहींच्या घराण्यातच लवकर असतं. "तुमच्यात कुणाला अशी लवकर आली असती तर मी नुसतं लक्ष ठेवलं असतं. तसं कुणीच नाही म्हणता, तर मग रक्त तपासू, हाताचा एक्स-रे काढू, आणि डोक्याचा स्कॅन करून घेऊ. डोक्यात एक ग्रंथी असते, कधी कधी तिच्यामुळं होतं."

मुलीचे पाय हलायचे थांबले. "माझ्या डोक्यात काय आहे?" तिनं विचारलं. काही नाही गं, फक्त बघायचं, असं त्या म्हणाल्या. मशीनमध्ये आडवं झोपायचं, खूप आवाज होतो, हलायचं नाही, गरज पडली तर सुई द्यावी लागेल. मुलीनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

आत्या सासू झाली ती नंतर, आधी माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्याकडं मामाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा असतो. मी पाळण्यात असतानाच तिनं मला सून म्हणून मागून ठेवलं होतं, भाजीवालीकडं गड्डा बाजूला काढून ठेवतात तसं. लग्नाआधी ती अगं आत्या होती, लग्नानंतर अहो आत्या झाली. बाकी काही बदललं नाही. तिचं सासर काकतीला, माझं माहेर कोगनोळीच्या अलीकडं एका खेड्यात. वर्षातून तीन-चारदा ती माहेरी यायची आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची.

न्याहाळण्यासारखं माझ्यात काही नव्हतं, हीच तर भानगड होती. तेराव्या वर्षी काही नाही, चौदाव्या वर्षी काही नाही. माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून मखरात बसल्या. आमच्या भागात मुलगी शहाणी झाली की तिला चार दिवस बाजूला बसवतात, पाचव्या दिवशी न्हाऊ घालतात, केळीच्या खुंटांचं मखर करून हिरव्या साडीत बसवतात. भावकीतल्या बायका ओटी भरतात, तीळ आणि गूळ कुटून केलेले चिगळीचे उंडे तिच्या हातावर ठेवतात. मी त्या प्रत्येक मखरात आरतीचं ताट धरून उभी राहिले आहे. माझ्याकडं बघून बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

आत्या ढोसायची नाही, ती सरळ बोलायची. एका दिवाळीत जेवताना ती वडिलांना म्हणाली, "आण्णा, पोरगी बाई व्हतीया का न्हाय ते बघूया, मग लग्नाचं बोलूया. हिच्या आयच्याकडचं रक्तच तसलं. तिच्या मावश्याबी अशाच वाळक्या शेंगा." आई ताटात भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. वडील खाली बघून जेवत राहिले.

रक्ताचं मी आता बोलते. त्या घरात आई आणि मी पहाटेपासून विड्या वळायचो. सूप मांडीवर, सुपात तंबाखू, पानाचे तुकडे कातरायचे, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. शाळेला जाण्याआधी आणि शाळेतून आल्यावर. डोळे चुरचुरायचे, नाकातून तंबाखूच वाहायचा. म्हशीचं दूध डेअरीला. घरात अंडं शिजलं तर ते भावाचं. मी आणि आई शेवटी बसायचो, भाकरी आणि आमटीचं पाणी. पंधराव्या वर्षी शाळेत वजन केलं तेव्हा मास्तरांनी काटा बिघडला असेल म्हणून मला पुन्हा उभं केलं. माझ्या मावश्याही निपाणीच्या आसपासच तंबाखूच्या वखारीत खपल्या. त्यांच्या अंगावर मांस कुठून यायचं? पण ताटात काय पडतं हे बघायला कुणाला वेळ होता! रक्ताला नावं ठेवली की काम भागायचं. आत्याला तर ते फारच आवडायचं, कारण वडिलांचं रक्त म्हणजे तिचंही रक्त, आणि त्यात खोट निघणं शक्यच नव्हतं.

त्या दिवाळीनंतर आई भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभी राहून पानं उलटताना दिसायची. तिला जेमतेम वाचता यायचं. एका बुधवारी संध्याकाळी तिनं मला गोठ्याच्या मागं नेलं.

"उद्या सकाळी तुला न्हाण येणार हाय," ती म्हणाली.

मला कळेना. "असं ठरवून येतं व्हय?"

"येतंय. कुणी इचारलं तर व्हय म्हणायचं आणि खाली बघायचं. जादा बोलायचं न्हाय."

गुरुवारी कॅलेंडरात लाल अक्षरात गुरुपुष्यामृत छापलेलं होतं. आईला एवढंच ठाऊक होतं की लोक त्या दिवशी सोनं घेतात, म्हणजे दिवस चांगलाच असणार. पहिल्या न्हाणाचा वार, तिथी, नक्षत्र पंचांगात बघतात, त्यावरून मुलगी सासरी काय उजेड पाडणार ते सांगतात. आईनं विचार केला असेल, खोटंच बोलायचं तर हलकं कशाला बोला. भटजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, ही जिथं जाईल तिथं लक्ष्मी नांदेल. काकतीला निरोप गेला. आत्या दुसऱ्याच दिवशी हिरवी साडी घेऊन हजर झाली.

चार दिवस मी कोपऱ्यात घोंगडीवर बसले. जन्मात पहिल्यांदा माझ्या मांडीवर सूप नव्हतं. मला गूळ-खोबरं मिळालं, डिंकाचे लाडू मिळाले, रोज एक अंडं मिळालं. लाज वाटायला पाहिजे होती, पण मला भूकच इतकी होती की लाजेला जागा उरली नाही. पाचव्या दिवशी मखरात बसून मी चिगळीचे अकरा उंडे खाल्ले. आत्या कौतुकानं म्हणाली, "खा गं, आता अंग धरशील."

खोटं एकदा बोलून भागत नाही. पुढं दर महिन्याला मला बाजूला बसावं लागलं. आई दिवस मोजायची आणि ठरल्या सकाळी डोळ्यानं खूण करायची. घडी घातलेली कोरी फडकी ती पाण्यात बुडवून परड्यात वाळत घालायची, शेजारणींना दिसावीत म्हणून. महिन्यातून चार दिवस मी विड्या वळल्या नाहीत, झोप काढली, आणि लोकांना दाखवायला म्हणून आईनं वाढलेलं तीळ-गूळ खाल्लं. दीड वर्ष हे नाटक चाललं. मग एका दुपारी, सोळा वर्षं सात महिन्यांची असताना, निपाणीच्या कॉलेजातून घरी येताना मला खरोखर आली.

त्या दिवसाचं नक्षत्र मला माहीत नाही. मी बाजूला बसू शकत नव्हते, कारण त्या महिन्यातली माझी खोटी पाळी आदल्याच आठवड्यात होऊन गेली होती. मी विड्या वळत बसले. पोटात पिळवटत होतं, सूप मांडीवर होतं. रात्रीची भांडी घासताना आईच्या कानात सांगितलं. तिनं राखेचे हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, "आली न्हवं? बास." एवढंच माझं न्हाण.

आता मी बेळगावपासून जवळच एका खेड्यात मराठी शाळेत शिकवते. माझ्या टेबलाच्या खणात पॅडचं पाकीट असतं. पाचवीतल्या मुली कानाशी येऊन कुजबुजतात. त्याच शाळेत वीटभट्टीवर राहणाऱ्यांच्या दोन मुली सातवीत आहेत, अंगानं तिसरीतल्या वाटतात. त्यांच्याकडं बघते तेव्हा मला माझी त्या वयातली काडीसारखी मनगटं आठवतात. तरीही एखादी पालक बाई येऊन सांगते, मॅडम, आमच्यात उशिराच असतंय, रक्तच तसं. मला तिला खुर्चीवरून उठवावंसं वाटतं.

दवाखान्यातून घरी आलो त्या संध्याकाळी आत्यानं कारणांची रास ओतली. ब्रॉयलर कोंबडी. पाकिटातलं दूध. मोबाइल. पोरीला सायकल दिली ते. पोरीला हाफ पँटीत मैदानावर पळायला पाठवलं ते. आई दिवसभर शाळेत आणि पोर टीव्हीपुढं, ते. आणि सगळ्यात शेवटी ठेवणीतलं: "आमच्याकडं कुणाला असलं झालं न्हाय. तुझ्या आयच्याकडचंच कायतरी असणार."

"आईकडच्यांना उशिरा यायची म्हणून तुम्ही नावं ठेवत होतात," मी म्हणाले. "आता लवकर आली तरी त्यांचंच?"

"खोट ती खोट. लवकर काय, उशिरा काय."

नवरा, म्हणजे आत्याचा मुलगा, खडेबाजारातलं भांड्यांचं दुकान बंद करून आला आणि दोघींकडं बघून दोन्ही बाजूंना मान हलवली. ती त्याची खास कला आहे. शनिवारच्या मॅचला मुलगी गेली नाही. आत्यानं तिचे बूट माळ्यावर टाकून दिले होते. मी शाळेतून आले तोवर मॅच संपली होती, आणि मुलगी भिंतीकडं तोंड करून झोपली होती.

रविवारी सकाळी आत्या ताटात काळे तीळ घेऊन निवडत बसली.

"येत्या बुधवारी मखर धरूया," ती म्हणाली. "काकतीला, कोगनोळीला सांगून झालंय. तवर शाळेला धाडायची न्हाय. आणि हे बघ, कुणी इचारलं तर शुक्रवारी आली म्हणून सांगायचं."

"मंगळवारी आलीय."

"मंगळवार, त्यात अवस. असला दिवस लोकास्नी सांगत्यात व्हय? जलमभर पोरीच्या मागं लागंल."

"म्हणजे दिवस बदलायचा?"

"बदलायचा न्हाय गं. जरा पुढं सरकवायचा."

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. आजपर्यंत मी कधी या बाईसमोर आवाज चढवला नव्हता. आत खोलीत मुलगी होती, दार उघडं होतं, शेजारची खिडकीही उघडी होती. मला काही दिसेना.

"माझाही सरकवला होता, आत्या," मी म्हणाले. "तुमचं ते गुरुपुष्य! आईनं कॅलेंडर बघून काढलेलं. मला त्या दिवशी काहीही आलं नव्हतं. पुढं दीड वर्ष आलं नाही. तुम्ही आणलेली हिरवी साडी नेसून मी मखरात खोटी बसले होते. ज्या नक्षत्रावर तुम्ही मला सून करून आणलंत, ज्याचं कौतुक सतरा वर्षं गावाला सांगताय, ती सगळी थाप होती."

आत्याच्या बोटांत तीळ होते, ते तसेच राहिले. "तुझ्या आयनं मला फसवलं," ती म्हणाली.

"तुम्ही तिला फसवायला लावलंत! बाई व्हतीया का बघूया म्हणाला होतात, आमच्याच घरात जेवायला बसून. तिनं दुसरं काय करायचं होतं? आणि आता हेच माझ्या मुलीच्या बाबतीत करणार? तिच्या डोक्यात काय आहे बघायला तिला मशीनमध्ये घालणार आहेत आणि तुम्ही वार सरकवत बसलाय! मखर होणार नाही. शाळा बुडणार नाही. आणि डॉक्टरांना मी माझं खरं वय सांगणार."

आत्या ताट घेऊन उठली. दारात थांबली. "उशिरा आली म्हणून एवढं बोलतीस," ती म्हणाली. "तुला काय ठाऊक गं, लवकर आलेलीचं काय हुतंय ते." मला वाटलं, हे माझ्या मुलीला उद्देशून आहे, आणखी एक शाप. मी दार लावून घेतलं.

आईला फोन केला. तिचा खोकला आधी आला, मग ती. दवाखान्यात खरं सांगणार आहे म्हणाले.

"मी मेल्यावर सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "पर नातीचं डोकं मशिनीत घालत असतील तर सांग बाई. आक्का काय म्हणाली?"

"तू फसवलंस म्हणाली."

"फसवलं तर हुतंच," आई म्हणाली, आणि पुन्हा खोकत बसली.

बुधवारी मखराच्या वेळेलाच आम्ही दवाखान्यात होतो. आत्याला मी बोलावलं नव्हतं. ती चपला घालून दारात उभी होती आणि रिक्षात पहिल्यांदा तीच चढली. रविवारपासून आम्ही एकमेकींशी गॅस बंद कर, दळण आण, एवढंच बोललो होतो. मला माहीत होतं ती कशाला आलीय. मी आईला उघडी पाडणार, तेव्हा तिला तिथं बसून ते ऐकायचं होतं.

"मागच्या वेळी लिहिलेलं चूक आहे," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "मला सोळा वर्षं सात महिन्यांनी आली. घरच्यांनी आधीचं खोटं सांगितलं होतं."

त्यांनी पंधरा खोडलं. "का, ते विचारत नाही," त्या म्हणाल्या. "पोटाला कमी होतं का?"

"होतं."

"मग तुमच्या आकड्यावरून मला मुलीचं काही कळत नाही. तुमचं रक्त काय म्हणत होतं ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. वडिलांकडं तेरा आहे. म्हणजे लवकर आलेली कुणीच नाही. स्कॅन करूनच टाकू, उगीच शंका नको."

त्यांनी कागद पुढं ओढला. खरं सांगून मी माझ्या मुलीला त्या मशीनच्या आणखी जवळ ढकललं होतं. तिनं पुन्हा माझी ओढणी धरली.

"थांबा," आत्या म्हणाली.

ती आमच्याकडं बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"माझं तेरा न्हाय. अकरा पुरी व्हायला दोन म्हयनं हुतं तवा आलतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "नक्की? अज्जी, इतक्या वर्षांपूर्वीचं आठवतं?"

"चौथीची परीक्षा आठ दिवसांवर हुती. दप्तर कोनाड्यात ठिवलं ते पुन्हा काढलं न्हाय. आमच्या बानं गावात सांगितलं, पोर आजारी हाय. इतक्या लवकर आली म्हणून नावं ठेवतील. दोन वर्षं मला घराभाईर काढली न्हाय. मग तेरावं लागल्यावर मखर केलं, चांगला वार बघून. तवापास्नं तेराच सांगत आलोय. मालकास्नीबी तेराच सांगितलं."

मी तिच्याकडं बघितलं. माझ्याच माहेरचं घर. तेव्हा तिथं चार म्हशी होत्या आणि आजोबांची ती लाडकी लेक, दुधावर वाढलेली. मी जन्मले तोवर जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या आणि घरात विडीचं सूप आलं होतं. तेच घर, तेच रक्त. ती दहा वर्षं दहा महिन्यांची, मी साडेसोळा वर्षांची. ज्या कोपऱ्यात मी चार दिवस लाडू खात बसले, त्याच कोपऱ्यात ती दोन वर्षं कोंडलेली होती. हे सगळं ठाऊक असून ती माझ्या आईला रक्त शिकवत होती. हे सगळं ठाऊक असून आठवड्यापूर्वी तिनं तेरा सांगितलं आणि पोरीला मशीनच्या दारात नेऊन उभं केलं. तिची दया यायला हवी होती. आली असेलही, पण त्याआधी संताप आला.

"मागच्या बुधवारी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले.

"लाज वाटली," आत्या म्हणाली. तिनं तेवढंच उत्तर दिलं.

मुलगी माझ्या खांद्याआडून डोकावली. "म्हणजे आजी, तुला माझ्यासारखीच आली?"

"व्हय."

"मग तू पाचवीत गेलीच नाहीस?"

"न्हाय गेलो."

डॉक्टरीणबाईंनी तेरा खोडून वर नवा आकडा लिहिला. फायलीचं ते पान खाडाखोडीनं भरून गेलं होतं. स्कॅन आता लगेच नको, त्या म्हणाल्या. हाताचा एक्स-रे बघू, रक्त बघू, तीन महिन्यांनी पुन्हा आणा, काही वेगळं दिसलं तरच पुढचं. वाढ चांगली आहे, मुलगी चुणचुणीत आहे. रक्त भरून यायला तीळ-गूळ, पालेभाजी, अंडी द्या. त्यांनी लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

आत्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"ह्याच्यावर ल्याहा," ती म्हणाली. "शाळा बंद करायची न्हाय. खेळ बंद करायचा न्हाय."

"अज्जी, असलं चिठ्ठीवर लिहीत नाहीत."

"ल्याहा. डाक्टरनी लिहून दिलं की घरातली ऐकत्यात. माझ्या येळंला कुणी लिहून दिलं न्हाय."

"घरात ऐकायला आहे कोण तुमच्याशिवाय?" मी म्हणाले. माझा आवाज अजून चढलेलाच होता. "बूट माळ्यावर कुणी टाकले?"

"मीच टाकलं," आत्या म्हणाली. "म्हणून तर म्हणतो, माझ्यासाठी ल्याहा. मराठीत. मला दुसरं वाचाय येत न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. मग गोळ्यांच्या खाली, एक शब्द दोनदा खोडून, मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं.

मी तिला माफ केलेलं नाही. माझ्या आईला कॅलेंडरपुढं उभं करणारी तीच, आणि ते मी विसरणार नाही. त्या दिवशी मी फक्त बघत राहिले. आत्यानं चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत, चौथीतल्या मुलीसारखं मोठ्यानं वाचलं. शेवटचा शब्द तिला लागेना. माझ्या मुलीनं तो सांगितला. मग आत्यानं चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्याकडं न देता कमरेच्या पिशवीत ठेवून दिली.